उपदेशकांची कवायत

१९५६ सालचा मे महिना. मी अकरा वर्षांचा होतो. बडोद्याच्या उन्हाळ्यात घरची वडीलमाणसे मुलांना दिवसातून दोनदाच बाहेर सोडीत, ऊन चढण्यापूर्वी आणि उतरल्यावर. एका पहाटे तालमीतून परतताना आम्ही चौघे मित्र मिशनच्या आवाराच्या मेंदीच्या कुंपणाशी एकदम थबकलो. आत पंचवीसेक प्रौढ माणसे, कोणी धोतराचा काचा मारलेली, कोणी लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडलेली, तीन ओळींत उभी राहून हात वरखाली करीत होती. एकाचे पोट सुटलेले, तर दुसऱ्याच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. कोणाचाही हात शेजाऱ्याच्या हाताबरोबर वर जात नव्हता. आणि समोर तोंडात शिटी धरून उभे होते आमच्या शाळेचे ड्रिलमास्तर.

आम्ही पडलो जुम्मादादांच्या आणि माणिकरावांच्या गावची मुले. ज्या शहरात व्यायाम ज्ञानकोशाचे खंडामागून खंड निघाले, तेथे कवायत कशी असावी याविषयी अकरा वर्षांच्या पोरालाही स्वतःचे मत असे. आम्ही खो खो हसलो. मास्तर शिटी काढून कुंपणाशी आले.

“हसता काय रे? ही माणसं दिवसाला सहा सहा कोस चालतात. तुमच्यातला कोण चालतो? संध्याकाळी या सगळे. चेंडू आणून द्यायला पोरं हवीच आहेत मला.”

घरी विचारले तेव्हा आजी म्हणाली, “मिशनात पाणी पिऊ नकोस, म्हणजे झालं.” आजोबा वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणाले, “मास्तर सज्जन आहेत. जाऊ दे त्याला.” अशा रीतीने त्या दहा दिवसांत मी व्हॉलीबॉलचा चेंडू आणून देणारा झालो आणि पुष्कळ गोष्टी कानांवर पडल्या. त्यांतल्या काही समजायला पुढे बरीच वर्षे लागली.

ती माणसे खेडोपाडी हिंडणारे उपदेशक होती. वर्षातून एकदा दहा दिवस त्यांचा मेळावा भरे. दिवसभर शास्त्राभ्यास, प्रार्थना, हिशेब. मास्तरांनी मिशनच्या साहेबांकडून पहाटेचा एक तास आणि संध्याकाळचा एक तास मागून घेतला होता. स्वतः मास्तर नाशिककडचे मराठी ख्रिस्ती. मद्रासच्या सैदापेठेतल्या वाय. एम. सी. ए. च्या व्यायाम महाविद्यालयात शिकून ते बडोद्यास नोकरीला आले होते.

त्यांची कवायत नुसती हातपाय हलवण्याची नव्हती. पहिल्या दिवशी शेजारच्या वखारीतून काटा आणून त्यांनी प्रत्येकाचे वजन केले आणि वहीत लिहिले. मग तळपाय पाहिले, दात पाहिले, झोप किती लागते ते विचारले. पाणी उकळून पिता का, मच्छरदाणी आहे का, अनवाणी चालता का, हे विचारले. दोघांना तिथल्या तिथे चपला घेऊन दिल्या. आम्हां तालमीतल्या मुलांना व्यायाम म्हणजे जोर, बैठका आणि दंडाची बेटकुळी एवढेच ठाऊक. दात पाहणारा वस्ताद आम्ही प्रथमच पाहत होतो.

मेळाव्यात नाशिकहून पाहुणे म्हणून आलेले एक वृद्ध उपदेशक होते. पांढरी दाढी, खणखणीत आवाज. तिसऱ्या दिवशी त्यांनी ओळीत उभे राहायला साफ नकार दिला. “मास्तर, शरीराच्या कसरतीचा लाभ थोडकाच, असं पौलानं तीमथ्याला कळवलंय. आम्ही आत्म्याची कसरत करतो.”

मास्तर हसले. “बुवा, थोडका म्हटलंय, मुळीच नाही असं म्हटलेलं नाही. आणि त्याच पत्रात पुढे तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यावर उपायही सांगितलाय. त्यावर आपलं प्रवचन कधी ऐकलं नाही मी.”

सगळे हसले. बुवा मात्र हसले नाहीत, आणि त्या दिवशी ओळीतही आले नाहीत.

बुवांची बाजू पोकळ होती असे मला आज वाटत नाही. तिच्यामागे मोठी परंपरा होती. मिशनऱ्यांच्या पहिल्या पिढीला शरीर म्हणजे दिव्यातली वात वाटे. ती जळण्यासाठीच असते. हेन्री मार्टिन १८०६ साली कलकत्त्यास उतरला आणि देवासाठी जळून संपावे ही इच्छा त्याने रोजनिशीत टिपून ठेवली. नव्या कराराची उर्दू आणि फारसी भाषांतरे करून १८१२ साली तो तोकात येथे तापाने गेला, तेव्हा एकतीस वर्षांचा होता. त्याच वर्षी हॅरिएट न्यूवेल ही अमेरिकन मिशनऱ्याची तरुण पत्नी मॉरिशसात वारली. तिचे वय अवघे एकोणीस. या मरणांची चरित्रे छापली गेली आणि ती वाचून आणखी तरुण निघाले. मरणाचाच गौरव होऊ लागला की जगण्याची व्यवस्था कोण लावणार?

मराठी मुलखाला जवळची गोष्ट गॉर्डन हॉलची. अमेरिकन मराठी मिशनचा हा मूळ पुरुष १८१३ साली मुंबईत आला. १८२६ च्या मार्चमध्ये तो नाशकास गेला, तेव्हा तेथे पटकीची साथ होती. जवळची बहुतेक औषधे त्याने रोग्यांना वाटून टाकली आणि परतीच्या वाटेवर स्वतःच पटकीने एका देवळाच्या ओसरीत प्राण सोडला. वय एक्केचाळीस. मास्तर ही गोष्ट उपदेशकांना सांगत आणि लगेच पुस्ती जोडत, “जोर मारून पटकी टळत नाही. पाणी उकळून टळते.” पटकी पाण्यातून येते हे लंडनच्या जॉन स्नोने १८५४ साली दाखवून दिले, म्हणजे हॉलच्या मृत्यूनंतर अठ्ठावीस वर्षांनी. हॉलला ते ठाऊक असण्याचा संभवच नव्हता. आपल्याला ठाऊक असून आपण तसेच वागलो तर त्याला हौतात्म्य कोणत्या तोंडाने म्हणायचे, हा मास्तरांचा प्रश्न असे.

शरीराकडे पाहण्याची ही दुसरी दृष्टी मास्तरांनी सैदापेठेहून आणली होती, आणि सैदापेठेला ती अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डहून आली होती. तेथील वाय. एम. सी. ए. च्या शिक्षणसंस्थेत ल्यूथर गुलिक नावाचा गृहस्थ होता. मिशनऱ्यांच्या घराण्यातला, हवाई बेटांतल्या होनोलुलूत जन्मलेला. आत्मा, बुद्धी आणि शरीर या तीन बाजूंचा त्रिकोण त्या संस्थेला त्यानेच दिला. त्याच्याच सांगण्यावरून धर्मशास्त्राचा पदवीधर जेम्स नेस्मिथ याने १८९१ च्या डिसेंबरात व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकून बास्केटबॉल सुरू केला. चार वर्षांनी जवळच्याच होलिओक गावी विल्यम मॉर्गनने व्हॉलीबॉल काढला. ज्यांना बास्केटबॉलची धावपळ झेपत नाही अशा पोक्त गृहस्थांसाठी हा खेळ होता. आज सहा सहा फुटी खेळाडू जाळ्यावर झेपावताना पाहून हे कोणाला खरे वाटणार नाही, पण पोट सुटलेल्या उपदेशकांना मास्तरांनी नेमका योग्य खेळ दिला होता.

स्प्रिंगफील्डचाच विद्यार्थी हॅरी क्रो बक. १९१९ साली तो मद्रासला आला, १९२० साली त्याने शारीरिक शिक्षणाची शाळा काढली आणि १९४३ साली त्याच शहरात देह ठेवला. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला गेलेल्या हिंदी संघाचा तो व्यवस्थापक होता. मास्तरांच्या खोलीत त्याचे छायाचित्र असे, येशूच्या तसबिरीच्या जरा खाली.

या बलवान ख्रिस्ती पंथात सगळेच गोड होते असे नाही. विलायतेतल्या शाळांत धर्म आणि खेळ यांची जी सांगड घालण्यात आली, तिच्यात साम्राज्याचा माज भरपूर होता. खेळाडू असला म्हणजे तो शरीर सांभाळील असेही नव्हते. सी. टी. स्टड हा इंग्लंडचा नामांकित क्रिकेटपटू. ‘अॅशेस’ ज्यावरून जन्मली त्या १८८२ च्या ओव्हलच्या सामन्यात तो होता. १८८५ साली मिशनरी होऊन चीनला गेला, पुढे सहा वर्षे उटकमंडला राहिला आणि अखेर आफ्रिकेत काँगोत जाऊन बसला. तेथे त्याने स्वतःच्या दुखण्याची पर्वा केली नाही आणि सोबत्यांकडूनही तीच अपेक्षा धरली. १९३१ साली तो तेथेच वारला. त्याच्या निष्ठेपुढे मान लवते. त्याच्या हाताखाली काम करण्याची इच्छा मात्र होत नाही.

आठव्या दिवशी संध्याकाळी खेळ संपल्यावर बुवांनी मास्तरांना विचारले, “एवढं वजनमापाचं वेड तुम्हाला लागलं कुठून?” आम्ही मुले जाळे गुंडाळत होतो. मास्तर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “माझा थोरला भाऊ उपदेशक होता.”

भाऊ नाशिक जिल्ह्याच्या डोंगराळ भागात काम करी. मास्तर सैदापेठेत शिकत असताना त्याचे पत्र आले. हिवताप वरचेवर येतो, तरी ताप अंगावर काढून गावे घेतो आहे, प्रभू शक्ती देतो, असे त्यात होते. मास्तरांना अभिमान वाटला. शास्त्रातले धीराचे एक वचन शोधून त्यांनी उलट टपाली धाडले. दोन महिन्यांनी भावजयीचे पत्र आले.

“मी व्यायामाचं शिकत होतो, बुवा. शरीराचं सगळं पुस्तकातून पाठ होतं. आणि त्याला मी वचन पाठवलं. कोयनेल पाठवायला हवं होतं. रजा घे आणि घरी झोप, असं लिहायला हवं होतं.”

बुवा काही बोलले नाहीत. अंधार पडेपर्यंत दोघे तिथेच बसून होते.

शेवटच्या रात्रीच्या उपासनेला मास्तरांनी आम्हांलाही मागे बसू दिले. बोलायला बुवा उभे राहिले आणि त्यांनी एलीया संदेष्ट्याची कथा घेतली. राणीच्या भयाने पळालेला एलीया रानात झुडपाखाली पडून मरण मागतो. देवदूत येतो, पण त्याला बोध करीत नाही, दटावीतही नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याची सुरई पुढे ठेवतो. एलीया खातो आणि झोपतो. दूत पुन्हा उठवून पुन्हा खायला घालतो. देवाची वाणी पुष्कळ पुढे येते, चाळीस दिवसांची चाल झाल्यावर. “आधी भाकर, मग झोप, मग वाणी,” बुवा म्हणाले आणि मास्तरांकडे पाहून खाली बसले.

एरिक लिडेलचे नाव मी प्रथम त्या दहा दिवसांतच ऐकले. बक ज्या पॅरिस ऑलिंपिकला गेला होता, तेथेच या स्कॉटिश धावपटूने रविवारी धावणार नाही म्हणून १०० मीटरची शर्यत सोडली आणि पुढे ४०० मीटर ४७.६ सेकंदांत जिंकली. १९८१ साली त्यावर चित्रपट निघाला आणि जगाला ती गोष्ट पाठ झाली. पण मास्तरांना त्याचे पुढचे आयुष्य अधिक मोलाचे वाटे, आणि पुढे वाचल्यावर मलाही तसेच वाटू लागले.

लिडेल चीनमध्येच, तिएंत्सिनला मिशनऱ्यांच्या घरी जन्मला होता. १९२५ साली तो तेथे परतला, शाळेत विज्ञान आणि खेळ शिकवू लागला, आणि पुढे युद्धाच्या धुमाळीत सायकलवरून खेडी हिंडला. १९४३ साली जपान्यांनी त्याला वेइशिएनच्या छावणीत डांबले. पत्नी आणि मुली आधीच कॅनडात सुखरूप होत्या. धाकटीला त्याने कधी पाहिलेच नाही. छावणीत मिशनऱ्यांच्या शाळेतली पुष्कळ मुले आईबापांवाचून अडकली होती. त्यांना विज्ञान शिकवणे, त्यांचे सामने लावणे, मोडलेल्या हॉकीच्या काठ्यांना चादरीच्या चिंध्या गुंडाळून डिंक लावणे हे त्याचे काम. रविवारी मात्र खेळ नाही. एका रविवारी मुलांनी पंचावाचून सामना खेळला आणि तो हातघाईवर गेला. पुढच्या रविवारी स्वतः लिडेल शिटी घेऊन मैदानात उभा राहिला. सुवर्णपदकाची संधी समोर असताना ज्याने रविवार मोडला नाही, त्याने पोरांसाठी मोडला.

२१ फेब्रुवारी १९४५ रोजी मेंदूतल्या गाठीने तो गेला. वय त्रेचाळीस, म्हणजे हॉलहून दोनच वर्षे अधिक. जगातल्या उत्तम शरीरांपैकी एक शरीर, आणि तरीही. मी एकदा मास्तरांना विचारले होते, मग एवढा व्यायाम करून त्याचा उपयोग काय झाला? ते म्हणाले, “त्या पोरांना विचार.”

आता काळ बदलला. बहुतेक संस्था मिशनऱ्याला बाहेर पाठवण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करतात, रजेचे नियम पाळतात, मनाच्या थकव्याकडेही लक्ष देतात. पटकीची जागा मधुमेहाने आणि रक्तदाबाने घेतली. सहा कोस चालणाऱ्यांचे नातू मोटारसायकलवरून हिंडतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेला आठवड्याला निदान दीडशे मिनिटे अंग हलवा म्हणून सगळ्या जगाला सांगावे लागते. मास्तरांच्या वहीतला चपलांचा रकाना आज कोणी भरणार नाही. झोपेचा रकाना मात्र मला अजून रिकामा दिसतो, उपदेशकांचाच नव्हे तर डॉक्टरांचा, शिक्षकांचा आणि सेवेचे व्रत घेतलेल्या आपल्या ओळखीच्या कितीतरी माणसांचा.

बुवा पुढच्या मे महिन्यात पुन्हा आले. काट्यावर सर्वांत आधी तेच उभे राहिले आणि वजन दोन पौंडांनी वाढलेले पाहून लहान मुलासारखे खूश झाले. पुढे गुडघ्यांनी दगा दिल्यावर ते खेळेनात, पंच होऊन खुर्चीवर बसत. चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर, यावरून त्यांचे आणि मास्तरांचे दर संध्याकाळी कडाक्याचे भांडण होई. मी तोवर हायस्कुलात गेलो होतो, पण ते ऐकायला कुंपणाशी जाऊन उभा राहत असे.