एकाग्रतेचा अभ्यास : एका बैठकीची कालमर्यादा

एकाग्रतेच्या अभ्यासाची बैठक किती वेळाची असावी, या पृच्छेत वस्तुतः दोन प्रश्न मिसळलेले आहेत. अवधान किती वेळ टिकते हा एक, आणि किती सरावाने ते सुधारते हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्यास लावण्याची प्रवृत्ती प्रयोगांच्या आखणीतही आढळते.

पहिल्या प्रश्नासंबंधी नॉर्मन मॅकवर्थ यांचे १९४८ साली प्रसिद्ध झालेले प्रयोग सुपरिचित आहेत. तबकडीवरील काटा टप्प्याटप्प्याने सरके. क्वचित तो दुप्पट उडी घेई, व तेवढीच उडी निरीक्षकाने टिपावयाची. दोन तासांच्या या कामात पहिल्या अर्ध्या तासानंतरच निसटणाऱ्या उड्यांचे प्रमाण वाढले. यावरून अर्ध्या तासाचा नियम काढण्याचा मोह होतो. स्वामी विवेकानंदांनी 'राजयोगा'त कूर्मपुराणाच्या आधारे दिलेले गणित या मोहास बळच देते : बारा सेकंदांची धारणा, बारा धारणांचे ध्यान, बारा ध्यानांची समाधी. गुणाकार २८ मिनिटे ४८ सेकंद भरतो! हा केवळ योगायोग समजावा. ते गणित अवस्थांची चढती श्रेणी सांगते. नवशिक्याच्या बैठकीशी त्याचा संबंध नाही. विल्यम जेम्स यांच्या मते (१८९०) तर हेतुपुरस्सर अवधान सलग काही सेकंदांपलीकडे टिकतच नाही. विषयाकडे पुनःपुन्हा परतणे हेच त्याचे स्वरूप होय.

दुसऱ्या प्रश्नावर बॅडली व लाँगमन यांचे १९७८ चे संशोधन अधिक उद्बोधक आहे. ते टंकलेखनाविषयीचे असल्याने जपूनच वापरावे. ब्रिटिश टपाल कर्मचाऱ्यांच्या चार गटांपैकी रोज एकच तास शिकणाऱ्यांना सर्वांत कमी तासांत कौशल्य साधले. रोज दोन-दोन तासांच्या दोन बैठकी करणाऱ्यांस सर्वांत अधिक तास लागले. परंतु आपल्या वेळापत्रकावर सर्वांत असंतुष्ट होता तो पहिलाच गट! तेव्हा बैठकीची लांबी ठरविताना अभ्यासकाचे समाधान हा भरवशाचा निकष नाही.

प्रत्यक्ष ध्यानाविषयी बासो व सहकारी यांचा २०१९ चा प्रयोग पाहावा. अननुभवी व्यक्तींनी रोज १३ मिनिटे ध्यान केले असता अवधान व स्मृती यांतील सुधारणा आठ आठवड्यांनी दिसली. चार आठवड्यांनी दिसली नव्हती. पतंजलीनेही दीर्घकाल, सातत्य व आदर यांची अट घातली आहे. एका बैठकीचे माप मात्र दिलेले नाही.

सबब, आरंभी दहा ते पंधरा मिनिटांची नित्य बैठक पुरेशी मानण्यास हरकत नसावी. प्रयोगाच्या नोंदवहीत मिनिटांसोबत किती दिवस खंड पडला आणि चित्त भरकटल्याचे किती वेळा ध्यानी आले, हेही लिहून ठेवावे.