त्वचेतील ओलावा आणि हायलुरॉनिक अम्ल

माघ सरून फाल्गुन लागला की बंगळूरची हवा कोरडी पडते. समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवरील या शहराची हवा सुखद म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपारची सापेक्ष आर्द्रता पुष्कळदा ३० टक्क्यांच्याही खाली उतरते. मुंबईच्या दमट हवेतून तेथे राहावयास गेलेल्या कुटुंबास याचा प्रत्यय पहिल्याच वर्षी येतो. ओठ फुटतात, गाल ताणल्यासारखे होतात. अशा वेळी दुकानदार हायलुरॉनिक अम्लाची लहानशी बाटली पुढे करतो, आणि तिच्यावरील वेष्टन नवतारुण्याचे आश्वासन देते. या अम्लाकडून कोणती अपेक्षा धरावी आणि कोणती धरू नये?

अम्ल म्हटले की दाहक द्रव डोळ्यांपुढे येतो. हे अम्ल तसे नव्हे. १९३४ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी गुरांच्या डोळ्यांतील पारदर्शक, बुळबुळीत द्रवापासून ते प्रथम वेगळे केले. काचेला ग्रीक भाषेत ‘हायलॉस’ म्हणतात. त्यावरून हे नाव पडले. शर्करावर्गातील दोन घटकांची जोडी पुनःपुन्हा गुंफून याची लांबच लांब साखळी बनते. पूर्वी ते कोंबड्यांच्या तुऱ्यांपासून काढीत. आता मुख्यतः जीवाणूंच्या साह्याने, किण्वनाने तयार करतात.

आपल्या शरीरात ते मुळातच असते. त्वचेच्या आतील थरास बळकटी देणारे तंतू कोलॅजेन या प्रथिनाचे असतात. या प्रथिनाच्या रेणूत तीन साखळ्या दोरखंडाच्या पेडांप्रमाणे वळलेल्या असतात, असे जी. एन. रामचंद्रन आणि गोपिनाथ कार्था यांनी मद्रास येथे १९५४-५५ मध्ये दाखविले. रामचंद्रन पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. या तंतूंमधील जागा हायलुरॉनिक अम्लाच्या पाणीदार खळीने भरलेली असते. सत्तर किलोग्रॅम वजनाच्या मनुष्याच्या देहात ते सुमारे १५ ग्रॅम असते व त्यातील जवळजवळ निम्मे त्वचेत असते. त्याचा सुमारे तिसरा हिस्सा दररोज मोडतो आणि तितकाच नव्याने घडविला जातो.

आता बाटलीचा हिशेब पाहू. तीस मिलिलिटर द्रावणात हे अम्ल शेकडा एक या प्रमाणात असेल, तर ते ०.३ ग्रॅम भरते; उरलेले बहुतांशी पाणीच असते. शरीर एका दिवसात जे सुमारे ५ ग्रॅम अम्ल निर्माण करते, त्यासाठी अशा सोळांहून अधिक बाटल्या लागतील.

शिवाय बाहेरून लावलेले अम्ल आत पोहोचत नाही. त्वचेच्या सर्वांत वरच्या मृत पेशींचा थर, म्हणजे शृंगस्तर, मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाएवढाच जाड असला तरी कडक पहारेकरी आहे. ज्याचा रेणुभार पाचशेहून अधिक, तो पदार्थ सहसा हा थर ओलांडीत नाही, असा ढोबळ नियम आहे. हायलुरॉनिक अम्लाचा रेणुभार काही हजारांपासून दहा लाखांच्याही पलीकडे असतो. त्याचे लहान तुकडे थोडे अधिक खोल जातात. परंतु मोठे रेणू पृष्ठभागावरच राहतात.

मग ते निरुपयोगी आहे काय? तसे नाही. त्याची साखळी पाण्यात सैल गुंडाळी होऊन पसरते आणि पुष्कळ पाण्यास आपल्या वेढ्यात घेते. ‘सहस्रपट पाणी धरते’ ही जाहिरात यावरूनच निघाली. प्रत्यक्षात साखळीस घट्ट बिलगलेले पाणी थोडे. बाकीचे केवळ वेढ्यात सापडलेले असते आणि कोरड्या हवेत ते उडून जाते. म्हणूनच बंगळूरच्या उन्हाळ्यात कोरड्या चेहऱ्यावर नुसते हे द्रावण लावल्यास काही वेळाने पातळ पापुद्रा उरतो आणि त्वचा अधिकच ताणल्यासारखी वाटते.

यावरून वापराची रीत आपोआप ठरते. चेहरा सौम्य साबणाने धुवावा, हलकेच टिपावा आणि ओलसर असतानाच द्रावणाचे दोन-तीन थेंब पसरावे. लगेच त्यावर स्निग्ध मलमाचा पातळ थर द्यावा. अम्ल ओलावा धरते. तो उडू न देण्याचे काम स्निग्ध थराचे. ज्यांना मुरुमे येतात त्यांनी जड तेलाऐवजी हलके मलम निवडावे. नवे द्रावण प्रथम कोपराच्या आतील बाजूस लावून पाहावे. खाज वा लाली दिसल्यास वापरू नये. या अम्लाची टोचणी मात्र सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे. ती रक्तवाहिनीत गेल्यास त्वचा मरू शकते, दृष्टीही जाऊ शकते. म्हणून ती प्रशिक्षित डॉक्टरावाचून कोणाकडूनही घेऊ नये.

या द्रावणाने त्वचा काही तास मऊ राहते व बारीक सुरकुत्या कमी दिसतात, इतकेच. ज्या घरी ही बाटली परवडत नाही, त्या घराने खंत करण्याचे कारण नाही. ओल्या त्वचेवर वेळीच लावलेले साधे व्हॅसलिनही पाण्याची वाट अडविते, आणि खरे अम्ल तर प्रत्येकाचे शरीर रोज विनामूल्य घडवीतच असते.