संसाराची मशागत : धर्मप्रांतभर कुटुंब-साहाय्याची व्यवस्था कशी उभारावी?



बियाणे आणण्यापूर्वी आपण दहा ठिकाणी चौकशी करतो. उगवण किती, पाणी किती लागेल, रोग कोणता पडतो, हे विचारूनच पैसे मोजतो. लग्नाच्या बाबतीत मात्र मांडव, जेवणावळ, बॅन्ड आणि कपडे एवढीच तयारी होते. घरखर्च कोण पाहील, डोक्यावर कर्ज किती आहे, म्हाताऱ्या आईवडिलांची जबाबदारी कशी वाटून घ्यायची, हे नवरा-नवरी एकमेकांना विचारतच नाहीत. मग वर्षा-दोन वर्षांत कुरबुर सुरू होते. ती फादरांच्या कानी जाते, तेव्हा सून माहेरी जाऊन सहा महिने झालेले असतात. पीक हातचे गेल्यावर फवारणी करून काय उपयोग?

यावर उपाय आहे. पण तो एकट्या फादरांच्या हातचा नव्हे. त्यासाठी साऱ्या धर्मप्रांताची घडी बसवावी लागते. ती कशी, ते या लेखात पाहू.

धर्मसभेची शिकवण

१९८० साली रोममध्ये बिशपांची कुटुंबविषयक सिनोद भरली. तिच्या आधारे पोप जॉन पॉल दुसरे यांनी २२ नोव्हेंबर १९८१ रोजी ‘फामिलियारिस कोन्सोर्तियो’ हे पत्र प्रसिद्ध केले. त्यात लग्नाच्या तयारीचे तीन टप्पे सांगितले आहेत: दूरची तयारी, जवळची तयारी आणि लगतची तयारी.

शेतकऱ्याला हे समजणे अवघड नाही. दूरची तयारी म्हणजे जमिनीची मशागत. ती लहानपणी घरातच होते. बाप आईशी कसा बोलतो, हे मूल रोज पाहत असते. जवळची तयारी म्हणजे तरवा. वयात आलेल्या मुलामुलींना धर्मशिक्षणाच्या वर्गात आणि युवक मंडळात विवाहाचा अर्थ नीट समजावून द्यायचा. लगतची तयारी म्हणजे रोप लावणी. लग्नापूर्वीच्या काही महिन्यांत जोडप्याला शिबिराला बोलवायचे. तरव्याची हयगय केली, तर लावणी कितीही नीट केली तरी पीक जोमाने येत नाही.

१९८३ च्या धर्मसभा-कायद्यात कलम १०६३ आणि १०६४ याच विषयाची आहेत. पहिल्या कलमानुसार लग्नापूर्वी आणि लग्नानंतरही कुटुंबांना साहाय्य देणे हे धर्मगुरूंचे कर्तव्य आहे. दुसऱ्या कलमानुसार या साहाय्याची व्यवस्था लावणे हे बिशपांचे काम आहे, आणि तसे करताना अनुभवी व जाणकार स्त्री-पुरुषांचा सल्लाही घेता येतो. म्हणजे प्रापंचिकांना यात हक्काचे स्थान आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत जोडप्यांना सोबत करण्यावर भर दिला. २०२२ साली व्हॅटिकनने मार्गदर्शक पुस्तिका काढली. तिच्यातही ही सोबत लग्नाच्या दिवशी थांबू नये, असेच सांगितले आहे.

तीन पायऱ्या

पहिली पायरी धर्मप्रांताची. बिशप एक कुटुंब-सेवा समिती नेमतात. तिच्यात एक धर्मगुरू, दोन-तीन अनुभवी जोडपी, एखाद्या परिचारिका सिस्टर किंवा डॉक्टर आणि एक वकील असावेत. अभ्यासक्रम ठरवणे, कार्यकर्ते तयार करणे आणि हिशेब ठेवणे ही या समितीची कामे.

दुसरी पायरी विभागाची. पाच-सहा धर्मग्राम मिळून एक विभाग धरावा. लहान धर्मग्रामात वर्षाला जेमतेम सात-आठ लग्ने होतात. तेवढ्यांसाठी वेगळे शिबिर परवडत नाही. म्हणून शिबिर विभागात घ्यावे.

तिसरी पायरी धर्मग्रामाची. येथे निदान दोन जोडपी पुढे यावीत. ती फार शिकलेली असण्याची गरज नाही. संसार सचोटीने केलेली, कमी बोलणारी आणि ऐकलेली गोष्ट पोटात ठेवणारी असली म्हणजे झाले.

हिशेब करून पाहू. समजा, धर्मप्रांतात ३० धर्मग्राम आहेत. सहा-सहांचे ५ विभाग झाले. प्रत्येक धर्मग्रामात वर्षाला ८ लग्ने धरली, तर एका विभागात ४८ जोडपी होतात. वर्षाला दोन शिबिरे घेतली, तर एका शिबिरात २४ जोडपी येतील. धर्मग्रामागे दोन प्रमाणे विभागात १२ कार्यकर्ती जोडपी मिळतात. प्रत्येक शिबिराला सहा जोडपी लागली, तर एका जोडप्यावर वर्षातून एकाच शिबिराचा भार पडतो. एवढे काम शेती सांभाळून होण्यासारखे आहे.

भाषेकडेही लक्ष द्यावे. बेळगाव धर्मप्रांत १९५३ साली स्थापन झाला. येथील घराघरांत कोकणी, मराठी आणि कन्नड या तिन्ही भाषा चालतात. ज्या भाषेत नवरा-बायको भांडतात, त्याच भाषेत त्यांना समजावले तर ते मनाला लागते. इंग्रजीतली छापील टिपणे वाटून काम भागत नाही.

शिबिरात काय शिकवावे?

१) विवाहसंस्काराचा अर्थ आणि देवळातील विधी.

२) एकमेकांशी बोलणे आणि ऐकून घेणे. या विषयावर अनुभवी जोडप्याने बोलावे.

३) पैसा. दोघांनी मिळून घराचा हिशेब लिहावा. सोसायटीचे कर्ज, सोन्यावरचे कर्ज आणि सावकाराचे देणे लग्नापूर्वीच एकमेकांना सांगावे. लग्नासाठी कर्ज काढून पहिले मूल होईपर्यंत ते फेडत बसणे, हे कित्येक भांडणांचे मूळ आहे. हुंडा देणे व घेणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे.

४) आरोग्य. दोघांनीही रक्तगट, हिमोग्लोबिन, थॅलेसेमिया, सिकलसेल आणि एचआयव्ही यांची तपासणी करून घ्यावी. नवरा-बायको दोघेही थॅलेसेमियाचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला तो आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक माणूस दिसायला धडधाकट असतो, म्हणून तपासणीशिवाय हे कळत नाही. मूल हवे असेल, तर गर्भ राहण्यापूर्वीपासून स्त्रीने रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावे. त्यामुळे बाळाच्या मेंदूत व कण्यात दोष राहण्याचा धोका पुष्कळ कमी होतो.

५) नैसर्गिक कुटुंबनियोजन. डॉ. जॉन बिलिंग्ज यांनी १९५३ साली मेलबर्न येथे या विषयाचा अभ्यास सुरू केला आणि पुढे त्यांच्या पत्नी डॉ. एव्हलिन यांनीही त्यात भाग घेतला. ही पद्धत ऐकीव माहितीवर करू नये. शिकलेल्या जोडप्याकडून किंवा सिस्टरकडून शिकून, निरीक्षणे लिहून ठेवूनच करावी.

६) कायदा. वराचे वय २१ आणि वधूचे १८ पूर्ण असलेच पाहिजे. गोव्यात प्रथम नागरी निबंधकाकडे जाऊन तेथील दाखला घ्यावा लागतो, हे तिकडे सोयरीक करणाऱ्यांनी विसरू नये.

लग्नानंतरची वर्षे

लावणी झाली म्हणून कोणी शेताकडे पाठ फिरवत नाही. कार्यकर्त्या जोडप्याने नव्या घरी पहिल्या वर्षात तीन-चार वेळा सहज जावे. चहा घ्यावा, विचारपूस करावी, एक प्रार्थना म्हणून परतावे. नाताळनंतरच्या रविवारी पवित्र कुटुंबाचा सण येतो. त्या दिवशी मिस्सामध्ये सर्व जोडप्यांनी विवाहाची वचने पुन्हा उच्चारावीत. पाच वर्षांच्या आतील जोडप्यांना त्याच दिवशी एकत्र बसवावे.

संकट आले तर

येथे कार्यकर्त्यांनी पंचायत मांडू नये. कोणाची चूक हे ठरवणे आपले काम नव्हे. दोघांचे वेगवेगळे ऐकावे आणि योग्य ठिकाणी पोहोचवावे.

दारू हा आजार आहे. नुसत्या शपथा घालून तो जात नाही. डॉक्टरी उपचारांबरोबर अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेच्या सभा उपयोगी पडतात. ही चळवळ १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली. पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी अल-ॲनॉन आहे. दोन्हींना फी नाही.

मारहाण होत असेल, तर “जुळवून घे” असे सांगून बाईला परत पाठवू नये. तिचा व मुलांचा जीव आधी. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात. त्यांच्यामार्फत न्यायालयाकडून संरक्षणाचा आणि त्याच घरात राहण्याचा आदेश मिळू शकतो. महिलांसाठी १८१ हा दूरध्वनी आहे.

कर्जाने किंवा भांडणाने कोणी खचले असेल, तर त्याला एकटे सोडू नये. घरातील कीटकनाशके कुलपात ठेवावीत आणि किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. असे केल्याने जीव वाचतात. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य बोलते, मराठीतही.

विवाह मुळातच अवैध होता असे वाटत असेल, तर धर्मप्रांताच्या न्यायमंडळाकडे जाता येते. २०१५ साली ही रीत सोपी करण्यात आली. मात्र तेथील निकालाने सरकारी कायद्यातील विवाह संपत नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानेही ही गोष्ट पुन्हा स्पष्ट केली. म्हणून दिवाणी न्यायालयाचा हुकूम हाती नसता दुसऱ्या लग्नाची बोलणी करू नयेत. गोव्याचा कायदा वेगळा असल्याने तेथील वकिलाला विचारावे.

सुरुवात केव्हा करावी?

आपल्याकडे भाताची कापणी-मळणी साधारण डिसेंबरपर्यंत उरकते आणि लग्ने पास्खानंतर एप्रिल-मे मध्ये निघतात. म्हणून विभागाचे मुख्य शिबिर जानेवारीत ठेवावे. दुसरे गणपतीच्या सुमारास, लावणीची गडबड संपल्यावर ठेवता येईल. लग्नाची तारीख ठरवायला येणाऱ्यांना फादरांनी प्रथम शिबिराची तारीख द्यावी आणि हॉलची आगाऊ रक्कम त्यानंतरच भरायला सांगावी.

आपल्या धर्मग्रामात अशी दोन जोडपी कोण, याचा या रविवारी मिस्सानंतर विचार करा. नावे फादरांना कळवा. कदाचित त्यांतले एक जोडपे तुम्हीच असाल.