पीक राखणीची पहिली बंदूक : घ्यावी का, आणि कोणती?



मका कणसात आला, भुईमुगाला शेंगा धरल्या, हरभऱ्याला घाटे लागले, की आपल्याकडे जागल सुरू होते. सातपुड्याच्या पायथ्याला रावेर, यावल, चोपडा, शिरपूर. इकडे मुक्ताईनगर, चाळीसगाव, साक्री. रोह्यांचा कळप एका रात्रीत शेत तुडवतो. रानडुकरं भुईमूग उकरतात, केळीचे कंद उखडतात. गोफण झाली, डबे वाजवून झाले, मग पारावर कोणी तरी म्हणतं, "आता एक बंदूकच घेऊन टाकू." म्हणून ही माहिती देत आहोत. बंदूक घ्या किंवा घेऊ नका असा आमचा आग्रह नाही. पण घ्यायची तर समजून घ्यावी. बैलजोडी घेताना आपण दात बघतो, चाल बघतो. बंदुकीची पारख त्याहून कडक हवी, कारण चुकलेला बार परत बोलावता येत नाही.

आधी एक गैरसमज काढू

खानदेशात शिकारीचा बोलबाला जुना आहे. १८२५ साली आउट्रम साहेबाने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली, त्या काळापासून सातपुड्यातल्या शिकारीच्या गोष्टी घराघरांत सांगतात. पण ते दिवस संपले. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. आता तितर-लावा असो की ससा, हौसेची शिकार हा गुन्हा आहे. त्यामुळे "शिकारीसाठी चांगली बंदूक कोणती" हा प्रश्नच आज उरलेला नाही. प्रश्न आहे तो पीक राखणीचा.

आणि इथेच पुष्कळांची गफलत होते. परवाने दोन वेगवेगळे आहेत, बरं का. बंदूक बाळगण्याचा परवाना जिल्हादंडाधिकारी, म्हणजे आपले जिल्हाधिकारी देतात. तो १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली मिळतो. रोही किंवा रानडुक्कर मारायचा परवाना मात्र वनखातं देतं. पहिला हातात आला म्हणून दुसरा मिळाला असं नाही. वनखात्याच्या लेखी परवान्याशिवाय जनावरावर बार टाकला, तर मारणं तर सोडाच, मारण्याचा प्रयत्नसुद्धा कायद्याने शिकारच धरली जाते.

वन्यजीव कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. तिच्यानुसार रोही व रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहेत. उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर त्यांच्याबाबत अधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. काळवीट, मोर, बिबट्या ही पहिल्या अनुसूचीतली. पीक खातो म्हणून काळविटाला किंवा मोराला हात लावता येत नाही. खरोखर जिवावर बेतलं आणि स्वतःच्या बचावात जनावर मेलं, तर त्याला कायदा गुन्हा म्हणत नाही. पण ते जनावर सरकारची मालमत्ता ठरते. ताबडतोब वनखात्याला कळवायचं, जागेवरून हलवायचं नाही.

शस्त्र परवान्याच्या चार गोष्टी

१. अर्जदाराचं वय २१ पुरं हवं. पोलिसांची चौकशी होते, प्रकृतीचा दाखला लागतो, आणि २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे हत्यार सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षणही घ्यावं लागतं. अर्जासोबत सातबारा आणि नुकसानीच्या पंचनाम्याच्या नकला जोडल्या तर गरज पटवून देता येते.

२. खऱ्याखुऱ्या पीक राखणीसाठी कायदा पहिल्यांदा ठासणीची बंदूक धरून चालतो. ती पुरेशी पडणार नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तर तो दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मंजूर करू शकतो. म्हणून बारा बोअरची हवी असेल तर अर्जात कारण स्पष्ट लिहा.

३. अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही. यावल, अनेर धरण आणि गौताळा औट्रमघाट ही आपल्या भागातली अभयारण्यं. आपलं गाव या टापूत येतं का, हे अर्जाआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या. नाही तर हेलपाटे वाया जातात.

४. परवाना मंजूर झाल्यावरच दुकानात जायचं. आधी सौदा करून विसार देऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीपासून परवाना पाच वर्षांचा असतो. नूतनीकरणाची तारीख घरच्या पंचांगावर लिहून ठेवा.

बंदुकींचे प्रकार

*ठासणीची बंदूक.* नळीच्या तोंडातून दारू, मग बोळा, मग छर्रे गजाने ठासायचे आणि मागे टोपी लावायची. स्वस्त आणि साधी, आवाज मोठा. पण पावसाळी हवेत दारू सर्दावते आणि बार फुसका जातो. मोठा धोका असा की ती भरलेली आहे की रिकामी, हे वरून दिसत नाही. त्यावर जुना उपाय आहे. रिकाम्या नळीत गज सोडायचा आणि तोंडाशी गजावर खूण करून ठेवायची. पुढे केव्हाही गज सोडला आणि खूण नळीच्या वर राहिली, की आत माल आहे असं समजायचं. टोपी काढून मगच ही परीक्षा करावी, आणि नळीच्या तोंडावर वाकू नये.

*एकनळी, बारा बोअर.* मधून मोडते, एकच काडतूस बसतं. बारा बोअर म्हणजे काय? नळीत बरोबर बसणारे शिशाचे बारा गोळे मिळून एक पौंड भरतात, ते माप. नळीचं भोक सुमारे साडेअठरा मिलिमीटर असतं. बंदूक मोडली की भरलेली की रिकामी ते डोळ्यांना दिसतं. बाहेर घोडा असलेली एकनळी असेल तर घोडा चढवलेला की उतरवलेला, हेही लांबून कळतं. नवशिक्याला हीच सगळ्यात बरी.

*दुनळी.* दोन नळ्या, बहुधा दोन चाप. एक बार फुकट गेला तर दुसरा हाताशी राहतो. पण वजन, किंमत आणि लक्ष ठेवण्याचं काम, तिन्ही वाढतात. आतल्या घोड्याच्या दुनळीत वरचा खटका पुष्कळदा फक्त चाप अडवतो. खटका लावला म्हणजे बंदूक निर्धोक झाली असं नाही. एक बार काढल्यावर दुसऱ्या नळीचा विसर पडणं, हा तिचा नेहमीचा घात.

*पंपाची, अनेक काडतुसांची.* पोटात काडतुसं राहतात. रिकामी झाली की नाही ते पटकन दिसत नाही. माती-चिखलात अडकते. पहिली बंदूक म्हणून नको.

"मग भाऊ, रायफल का नको? नेम तर तिचाच पक्का." नको, कारण आपलं शिवार सपाट आहे आणि माणसांनी भरलेलं आहे. लहानशा बावीस बोअरच्या रायफलीची गोळीही दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. तेवढ्यात आपल्याकडे दोन वस्त्या लागतात.

आणि सातपुड्यापलीकडून चोरून येणारा गावठी कट्टा? त्याचं नावही काढू नका. विनापरवाना हत्यार बाळगलं तर किमान दोन वर्षांची कैद आहे, आणि तो हातातच फुटला तर बोटं गेली.

दुकानात काय पाहावं

*अंगाला बसते का?* दस्त्याचं बूड कोपराच्या खळगीत टेकवा. बोट चापापर्यंत सहज पोचलं पाहिजे. मग रिकामी बंदूक सुरक्षित दिशेला धरा, डोळे मिटून खांद्याला लावा आणि डोळे उघडा. नजर सरळ नळीवरून पुढच्या माशीवर जाते का? मान ताणावी किंवा वाकवावी लागत असेल तर ती बंदूक तुमची नव्हे. चुलत्याच्या उंचीची बंदूक पुतण्याला बसत नाही.

*वजन.* सुमारे तीन ते साडेतीन किलोची बरी. फार हलकी बंदूक खांद्याला जोरात धक्का देते, आणि धक्क्याला भ्यालेला माणूस डोळे मिटून चाप ओढतो.

*चोक.* नळीच्या तोंडाशी भोक जरा आवळलेलं असतं, त्याला चोक म्हणतात. सुमारे ३६ मीटरवर ३० इंची वर्तुळात पूर्ण चोकची नळी ७० टक्क्यांच्या आसपास छर्रे टाकते, बिनचोकची ४० टक्क्यांच्या आसपास. शेताच्या कामाला मधला चोक पुरतो.

*काडतुसाचं घर.* काही जुन्या बंदुकींचं घर ६५ मिलिमीटरचं, आताच्यांचं बहुधा ७० चं असतं. ६५ च्या घरात ७० चं काडतूस घातलं तर ते बसतं, पण फुटताना तोंड उघडायला जागा राहत नाही आणि दाब भलताच वाढतो. कोणतं घर आहे ते विक्रेत्याकडून लिहून घ्या. पुण्याजवळच्या खडकीला तयार होणारी शक्तिमान काडतुसं आपल्याकडे माहितीची आहेत. डब्यावरचं माप वाचूनच घ्या.

*जुनी बंदूक असेल तर.* नळीतून उजेडाकडे बघा. गंजाचे खड्डे, पोचा, फुगवटा दिसला तर सोडून द्या. बंदूक मिटवून हलवा, नळी आणि बूड यांत खडखड नको. नळीवर पिळाची नक्षी दिसली तर ती जुन्या काळ्या दारूसाठी केलेली असते. आजची काडतुसं तिच्यात घालू नयेत.

आजोबांची बंदूक घरात आहे म्हणून ती आपोआप आपली होत नाही. परवानाधारक वारला की हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं, आणि वारसाने स्वतःच्या नावे परवाना मागायचा. धारक ७० वर्षांचा झाला किंवा हत्यार २५ वर्षं त्याच्याकडे राहिलं, तर हयातीतही वारसासाठी अर्ज करता येतो.

छर्रा कुठवर जातो?

बारीक छर्रे तीस-पस्तीस मीटरपुढे नेमाचे राहत नाहीत. पण इजा करण्याइतके ते दोनशे मीटरपर्यंत जाऊ शकतात. एल. जी. सारखे मोठे छर्रे सहा-सातशे मीटर. म्हणून मागे मातीचा बांध किंवा टेकाड नसेल तर आडवा बार काढायचा नाही.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. रोही दोन-अडीचशे किलोचं जनावर. नवशिक्याने अंधारात छर्रा मारला तर ते मरत नाही. जखमी होऊन दुसऱ्याच्या शेतात जातं आणि तिथे हाल होऊन मरतं. जखमी डुक्कर तर माणसावर उलटतं. तेव्हा परवानगी मिळाली तरी ते काम अनुभवी माणसाकडून, वनखात्याच्या सांगण्याप्रमाणे करून घ्यावं. आवाजाचाही उपयोग थोडे दिवसच. जनावर चार रात्रींत आवाजाला सरावतं.

न चुकता पाळायचे नियम

१. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धरून चालावं. हातात घेतली की आधी मोडून बघावी.

२. बांध ओलांडताना, मचाणावर चढताना, मोटारसायकलवर बसताना काडतूस बाहेर काढावं.

३. रात्री हललेल्या पानावर बार नाही. रात्रीच्या पाळीची वीज आली की शेजारी केळीत पाणी भरत असतो. जनावर पुरतं ओळखू आलं नाही तर बोट चापाबाहेर ठेवा.

४. वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या घरात घसरून पुढे अडकतं. त्यामागे बाराचं घातलं तर नळी फुटते. दोन मापं एका खिशात कधीच नकोत.

५. बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या. किल्ली पोरांच्या हाती लागू नये. दारू प्यालेल्या माणसाच्या हाती बंदूक देऊ नये, मग तो घरचा का असेना.

६. वरातीत बार काढू नये. २०१९ च्या दुरुस्तीने त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

बंदुकीआधी काय करून पाहावं?

नुकसान दिसलं की लगेच, शक्यतो तीन दिवसांच्या आत वनखात्याला कळवून पंचनामा करून घ्या. भरपाईला तो लागतोच, आणि पुढे परवाना मागायची वेळ आली तर तोच पुरावा होतो. चार-सहा शेतकऱ्यांनी मिळून सौर कुंपण केलं तर खर्च वाटला जातो. त्याचा झटका थांबून थांबून बसतो, जनावर बिचकतं पण मरत नाही. मात्र कुंपणाच्या तारेत थेट घरची वीज सोडू नका. त्या तारेने शेजारी, गडी, स्वतःच्या घरची माणसं गेली आहेत. डुकरासाठी पेरलेला गावठी बॉम्ब तर गाईम्हशींचा जबडा फोडतो. ही दोन्ही कामं राखणीची नव्हेत, घात करणारी आहेत.

हे सगळं करूनही गरज उरली, तर साध्या घोड्याची, अंगाला बसणारी एकनळी बघा. आधी वनखात्याकडे चौकशी, मग अर्ज आणि प्रशिक्षण, मग परवाना, आणि दुकान सगळ्यात शेवटी. हा क्रम मोडू नका. एका हंगामाचं पीक गेलं तर पुढच्या हंगामाला हात देता येतो. माणूस गेला तर काही करता येत नाही.

हे पत्रक जपून ठेवा, वाचता न येणाऱ्या शेजाऱ्याला वाचून दाखवा. रामराम.