संगणकातील वस्तुनिर्मिती : रचनाबंधाची निवड

तंजावर येथील सरस्वती महाल ग्रंथालयात संस्कृत, तमिळ, मराठी व तेलुगू भाषांतील हस्तलिखिते आहेत. काही ताडपत्रांवर, तर काही कागदावर लिहिलेली आहेत. मराठी राज्याच्या दप्तरातील कागद मोडी लिपीत आहेत. दुसरे सरफोजी राजे (१७९८–१८३२) यांनी या संग्रहात युरोपीय भाषांतील मुद्रित ग्रंथांची भर घातली. १९१८ साली हा संग्रह जनतेस खुला झाला.

अशा संग्रहाची सूची संगणकावर करावयाची आहे, असे समजू. प्रत्येक नोंद ‘ऑब्जेक्ट’ म्हणून घडविता येते. ऑब्जेक्ट म्हणजे माहिती व तिच्यावर करावयाच्या क्रिया यांची एकत्र बांधणी; ती ज्या नमुन्यावरून होते, त्यास ‘वर्ग’ म्हणतात. परंतु पोथीच्या नोंदीत पत्रसंख्या लागते, तर मुद्रित ग्रंथाच्या नोंदीत प्रकाशक व आवृत्ती. ‘ताडपत्र असल्यास हे, कागद असल्यास ते’ अशा सूचना आज्ञावलीत ठिकठिकाणी विखुरल्या, तर नवा प्रकार येताच ती सर्व स्थळे बदलावी लागतात. एखादे स्थळ राहिल्यास नोंद चुकते. आणि नोंद चुकलेली पोथी कपाटात असूनही अभ्यासकाच्या हाती लागत नाही.

म्हणून निर्मितीचे काम इतर कामांपासून वेगळे ठेवावे. गॅमा, हेल्म, जॉन्सन व व्लिसिडीस यांच्या १९९४ च्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ या ग्रंथात २३ रचनाबंध आहेत. त्यांपैकी पाच निर्मितीविषयक असून चार येथे उपयोगी पडतात.

नोंदीचा प्रकार तेवढा बदलत असेल, तर ‘फॅक्टरी मेथड’ योग्य. नोंद करण्याची सर्वसाधारण रीत मूळ वर्ग सांगतो. कोणती नोंद घडवावयाची, हे उपवर्ग ठरवितो. नव्या प्रकारासाठी नवा उपवर्ग जोडला की पुरते.

परस्परांशी जुळणाऱ्या वस्तूंचा संचच बदलत असेल, तर ‘ॲब्स्ट्रॅक्ट फॅक्टरी’ घ्यावी. मराठी वाचकासाठी मराठी कार्ड व मराठी वर्णक्रम, तमिळ वाचकासाठी दोन्ही तमिळ, असे संच राहतात व त्यांची सरमिसळ होत नाही.

एकच नोंद अनेक टप्प्यांनी पुरी होत असेल, तर ‘बिल्डर’ सोयीचा. एखाद्या पोथीत लेखकाचे नाव असते पण काल नसतो. दुसरीत अनेक कृती एकत्र बांधलेल्या असतात. जेवढी माहिती मिळेल तेवढे भाग क्रमाने जोडून शेवटी पूर्ण नोंद मिळते.

एकाच गठ्ठ्यातील मोडी कागदांच्या नोंदी बव्हंशी सारख्या असल्यास ‘प्रोटोटाइप’ वापरावा. एका नोंदीची नक्कल करून भेद तेवढा बदलावा. मात्र आतील याद्यांचीही स्वतंत्र नक्कल झाली पाहिजे. नाहीतर एका नोंदीतील दुरुस्ती दुसरीतही उमटते.

सारांश, निवडीपूर्वी एकच प्रश्न विचारावा : पुढे बदलणार काय? प्रकार, संच, बांधणीचे टप्पे की किरकोळ तपशील? काहीच बदलणार नसेल, तर ऑब्जेक्ट सरळ घडवावा; तेथे रचनाबंध म्हणजे निष्कारण भार होय.