सड्यावरून वादळाची वाट पाहताना
आभाळाचं वाचन : लेखांक 6

आषाढ-श्रावणात रत्नागिरीत पाऊस धो धो कोसळतो, पण गडगडाट क्वचितच होतो, हे आपण मागच्या लेखात पाहिलं. त्या ढगांचे माथे तुलनेने बुटके. थेंब फार उंच जाऊन गोठण्याआधीच खाली येतात आणि बर्फ नसेल तर वीज घडत नाही. विजांचा खरा हंगाम पावसाळ्याच्या दोन टोकांना असतो : मे महिन्यातला वळीव आणि हस्त-चित्रा नक्षत्रांतला परतीचा पाऊस. आज या परतीच्या ढगाविषयी.

अमेरिकेच्या मध्यभागातल्या सपाट माळरानांवर हौशी लोक मोटारी घेऊन वादळांच्या मागे धावतात. डेव्हिड होडली यांनी 1956 मध्ये नॉर्थ डाकोटात हा छंद सुरू केला आणि 1977 मध्ये ‘स्टॉर्म ट्रॅक’ हे नियतकालिक काढलं. तिथे ढग कुठे उठेल याचा अंदाज बांधत शेकडो किलोमीटर जावं लागतं. आपल्याकडे ढगाची जागा जवळपास ठरलेली आहे : सह्याद्रीचा माथा. आंबा घाट रत्नागिरीपासून सरळ रेषेत सुमारे 50 किलोमीटरवर. बघायला उघडी जागा हवी, तर जांभ्याचे सडे, म्हणजे सपाट कातळपठारं, आहेतच. शहरालगतचं चंपक मैदान हा असाच एक सडा.

ऑक्टोबरात सकाळी आभाळ निरभ्र असतं. ऊन चढलं की डोंगरउतार तापतात, खारे वारे समुद्रावरची वाफ आत नेतात आणि ती हवा घाटाला भिडून वर चढते. दुपारी एक-दोनच्या सुमारास पूर्वेला पांढरे ढग डोकं काढतात. बहुतेक तिथेच विरतात. ज्याच्या कडा फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या ठसठशीत राहतात, तो वाढणारा. अंदाजे 5 किलोमीटरच्या वर पाणी गोठू लागतं. हलके हिमकण आणि जड बर्फाचे गोळे एकमेकांवर आपटतात आणि त्या आपटण्यातून विद्युतभार वेगळे होतात. माथा 12-15 किलोमीटरवर पोचला की पुढे वाट नसते; ढग आडवा पसरतो, ऐरणीसारखा सपाट होतो. त्याच्या कडा आता धूसर दिसतात, कारण तिथे थेंब उरलेले नाहीत, सगळे हिमकण आहेत.

पावसाळा सरल्यावर वरचे वारे पूर्वेकडून वाहू लागतात, म्हणून हा ढग घाट उतरून समुद्राकडे निघतो. ताशी 25 किलोमीटरने सरकला तर दोन तासांत रत्नागिरीत. कापलेलं भात शेतात पसरलेलं असेल, तर शेतकऱ्याला पेंढ्या उचलायला मिळतात ते हेच दोन तास. अर्थात कित्येकदा ढग वाटेतच बरसून रिता होतो आणि संध्याकाळ कोरडीच जाते.

सुरुवातीला विजा दिसतात, आवाज नसतो. गडगडाट साधारण 15 किलोमीटरपलीकडे ऐकू येत नाही. मग खारा वारा पडतो, हवा कोंडते, आणि अचानक पूर्वेकडून गार झोत येतो. ढगातल्या पावसाबरोबर खाली आदळलेली ही थंड हवा पावसाच्या पुढे धावत असते. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा. वीज किती किलोमीटरवर पडली ते कळतं.

पण सड्यावर हा हिशोब करत बसू नका. आभाळ जिथून सर्वांत चांगलं दिसतं, तीच जागा सर्वांत धोक्याची आहे. ना झाड, ना आडोसा. मोकळ्या कातळावर उभा माणूसच उंच ठरतो. पसरलेल्या माथ्यातून वीज ढगाच्या कितीतरी पुढे, पाऊस पोचण्याआधीच पडू शकते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ अॅप जवळपासच्या विजांची सूचना देतं. ते जरूर ठेवा, पण कानांवर अधिक भरवसा ठेवा. पहिला गडगडाट ऐकू आला की सडा सोडा आणि पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत जा. झाडाखाली थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उलटल्याशिवाय बाहेर येऊ नका. शेतात कापणी चालू असेल, तर हा निरोप तिथल्या माणसांपर्यंतही पोचवा.