हृदयाचा झटका येऊन गेल्यावर घरातला मोबाईल कामाला कसा लावावा?



आमच्या वस्तीत रंगकाम करणारे एक दादा आहेत. वय पन्नाशीच्या आत. झटका आला, सरकारी योजनेतून अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला आणि ते घरी आले. दोन महिने गोळ्या नीट घेतल्या. मग छातीत दुखायचं थांबलं, काम सुरू झालं, आणि ‘आता बरं वाटतंय, कशाला रोज गोळ्या?’ म्हणून पाकीट फळीवरच राहू लागलं. काही आठवड्यांनी रात्री पुन्हा तीच छातीदुखी. स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी अडकली होती. दादा वाचले, पण हृदयाची ताकद घटली आणि शिडीवर चढून करायचं काम कायमचं सुटलं. त्या सगळ्या दिवसांत खिशात स्मार्टफोन होता, पण गोळीची आठवण करून देणारा एक गजर त्यात लावलेला नव्हता.

ऑपरेशनने बंद रक्तवाहिनी उघडते. ती उघडी ठेवण्याचं काम पुढे घरीच करायचं असतं. वेळेवर गोळ्या, रोजचं चालणं, कमी मीठ, तंबाखू बंद, बीपी-साखरेवर नजर आणि मनाला धीर, या सगळ्याला मिळून हृदय पुनर्वसन म्हणतात. मोठ्या रुग्णालयांत त्यासाठी वेगळे वर्ग असतात. पण रोजंदारी बुडवून, दोन गाड्या बदलून आठवड्यातून तीनदा तिथे कोण जाणार? म्हणून ते घरीच करायचं, आणि त्यात फोनची मदत घ्यायची.

महागडं अ‍ॅप लागत नाही

ऑस्ट्रेलियात सिडनी शहरात हृदयविकाराच्या ७१० रुग्णांचा एक अभ्यास झाला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांना सहा महिने आठवड्याला चार साधे मेसेज पाठवले: चालायला जा, गोळी घ्या, सिगारेट सोडा, भाजी खा. बाकीच्यांना नेहमीचे उपचार दिले. सहा महिन्यांनी मेसेज मिळालेल्यांचं बीपी आणि कोलेस्टेरॉल कमी होतं. त्यांच्यात धूम्रपान करणारे शंभरात २६ उरले होते, बाकीच्यांत ४३. म्हणजे उपयोग झाला तो वेळेवर मिळालेल्या आठवणीचा, आणि ती साधा फोनसुद्धा देऊ शकतो.

१. गोळ्यांचा गजर

स्टेंट बसल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर घ्याव्या लागतात आणि त्यातली एक बहुधा पुढेही चालू राहते. नेमका काळ डॉक्टर ठरवतात. बरं वाटतंय म्हणून किंवा दात काढायचा आहे म्हणून त्या मनाने बंद करू नका.

फोनच्या घड्याळात सकाळ-रात्रीचे गजर लावा आणि गजराला ‘जेवणानंतर गोळी’ असं नाव द्या. गोळ्यांची आठवण देणारी मोफत अ‍ॅप आहेत, तीही चालतील. गजर वाजला की आधी गोळी, मग गजर बंद. गोळ्या संपायच्या आठ दिवस आधीचा एक वेगळा गजर लावा. खंड पडतो तो बहुतेक वेळा पाकीट संपल्यावर. पैशांची अडचण असेल तर ‘जनऔषधी सुगम’ या सरकारी अ‍ॅपवर जवळचं जनऔषधी केंद्र आणि औषधाची किंमत दिसते. चिठ्ठी घेऊन जा आणि तेच औषध, तेवढ्याच ताकदीचं आहे ना, हे विचारून घ्या.

२. चालणं

पावलं मोजायची सोय बहुतेक स्मार्टफोनमध्ये असते. फोन अंगावर असेल तरच पावलं मोजली जातात, फळीवर ठेवलेला फोन काही मोजत नाही. साडीला खिसा नसतो, तेव्हा बायांनी कमरेला छोटी पिशवी बांधावी.

एक सावधगिरी. अ‍ॅप उघडलं की ते बऱ्याचदा दहा हजार पावलांचं लक्ष्य दाखवतं. तो आकडा तुमचं हृदय तपासून ठरवलेला नाही. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर सपाट रस्त्यावर दिवसातून दोनदा पाच-दहा मिनिटांपासून सुरुवात करा. दर दोन-तीन दिवसांनी मिनिट-दोन मिनिटं वाढवत काही आठवड्यांत अर्ध्या तासापर्यंत जा. वेग बरोबर आहे का, हे ओळखायला मशीन लागत नाही. चालताना सोबतच्या माणसाशी बोलता आलं पाहिजे. बोलताना दम तुटत असेल तर वेग कमी करा.

बायपास झालेल्यांच्या छातीचं हाड जुळायला दोन-तीन महिने लागतात. तोवर पाण्याचा हंडा, सिलेंडर, लहान मूल उचलायचं नाही. हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं, कारण नळाला पाणी आलं की आई स्वतःच उठते.

३. नोंद

बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसा. दंडाला पट्टा, हात छातीच्या उंचीवर. आकडा दिसला की मशीनचा फोटो काढा. तारीख आणि वेळ फोनमध्ये आपोआप राहते. घरी मशीन नसेल तर चार-पाच घरांनी मिळून एक घ्यावं आणि विहारात ठेवावं.

डिस्चार्ज कार्ड, ईसीजी, स्टेंटचं कार्ड आणि गोळ्यांची चिठ्ठी यांचेही फोटो काढा आणि घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. पावसात घर गळतं, कागद भिजतात. रात्री-बेरात्री दुसऱ्या रुग्णालयात जावं लागलं तर हेच फोटो डॉक्टरांचा वेळ वाचवतात.

४. तंबाखू आणि मन

गुटखा, खैनी, विडी, मशेरी सगळंच हृदयाला घातक. ‘मशेरी म्हणजे काय व्यसन आहे का?’ असं आया-बाया विचारतात. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. झटक्यानंतर भीती वाटते, झोप लागत नाही, माणूस गप्प होतो. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर बोला. हेही उपचारच आहेत.

खाण्याचं थोडक्यात: दिवसभरात मीठ एका लहान चमच्याच्या आत. सुकट, बोंबील, लोणचं, पापड यांतलं मीठही त्यातच धरायचं.

फोनवर विश्वास कुठे ठेवू नये?

कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी सांगणाऱ्या अ‍ॅपवर ठेवू नका. अमेरिकेत अशा एका लोकप्रिय अ‍ॅपची तपासणी झाली, त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. बीपी वाढलेल्या पाचांपैकी जवळपास चौघांना ते ‘ठीक आहे’ असं सांगत होतं. खोटा धीर देणारं यंत्र नसलेलंच बरं.

‘हा काढा प्या, ब्लॉकेज विरघळेल, गोळ्या सोडा’ असे व्हिडिओ पुढे पाठवू नका. ओटीपी, आधार क्रमांक किंवा पैसे मागणारं आरोग्य अ‍ॅप काढून टाका.

फोन कोणाचा?

पुष्कळ घरांत फोन एकच आणि तो मुलाबरोबर कामावर जातो. आजारी आई घरी, तिचा गजर मुलाच्या खिशात वाजतो. असं असेल तर साधा बटणाचा फोन आईजवळ ठेवा, गजर त्यातही असतो. किंवा मुलाने दुपारी एक फोन करावा: ‘आई, गोळी घेतलीस?’ वाचता येत नसेल तर नातवाने आवाजात निरोप पाठवावा. घरातल्या एकाने ही जबाबदारी नाव घेऊन स्वीकारावी. सगळ्यांची म्हटली की ती कोणाचीच राहत नाही.

अ‍ॅप बाजूला ठेवा, १०८ लावा

छातीत दाब किंवा जळजळ, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत कळ, गार घाम, अचानक दम, चक्कर यांतलं काही झालं तर ‘गॅस असेल’ म्हणून थांबू नका. बायांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. चालणं थांबवा, बसा. डॉक्टरांनी जिभेखालची गोळी दिलेली असेल तर त्यांनी सांगितल्याप्रमाणे घ्या आणि लगेच १०८ ला फोन करा.

ज्या घरात असा रुग्ण आहे, त्यांनी हे पान वाचून झाल्यावर एवढं करावं: गोळ्यांचे गजर लावावेत आणि डिस्चार्ज कार्डाचा फोटो काढावा. पाच मिनिटांचं काम आहे. आमचे रंगकाम करणारे दादा आता शेजारच्या घरांत जाऊन स्वतः हे गजर लावून देतात.